चार बोटं कापड

टेलर दिगंबरमामा माणसाचं तोंड नंतर बघायचे, आधी त्याची लेंथ बघायचे. तेर गावच्या बाजारपट्टीत त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. गळ्यातली टेप लग्नाच्या पंगतीतसुद्धा उतरायची नाही. मी बदली होऊन इथल्या शाळेत आले, त्या पहिल्याच दिवशी दुकानासमोरून जाताना आतून आवाज आला, "बाई, तुमच्या ब्लाउजची बाही अर्धा इंच तोकडी हाय. कुण्या गाढवानं शिवली?" मला असा राग आला! घरी जाऊन टेप लावली, तर खरंच अर्धा इंच.

शाळेचे सगळे गणवेश तेच शिवायचे. त्यामुळे पाचवीत इंग्रजी शिकवताना मी फळ्यावर 'length' लिहिलं की वर्ग खदखदून हसायचा. हा शब्द त्यांना माझ्याआधी मामांनी शिकवलेला. "शर्टची लेंथ!" "बाहीची लेंथ!" मी दटावून विचारायचे, "आणि नदीची? तासाची? गोष्टीची?" एका वर्षी या प्रश्नाला मामांची अंकिता उठली. एकुलती एक पोर, काटकुळी, डोळे मात्र सुईच्या टोकासारखे. म्हणाली, "बाई, लेंथ म्हंजे ते किती दिस पुरंल ते." सगळे पुन्हा हसले. मी तिला बरोबर की चूक, काहीच म्हणाले नाही. आता वाटतं, म्हणायला हवं होतं.

तिच्या घरात लेंथचा अर्थ तोच होता. मामा प्रत्येक पोराच्या कपड्याला खालून आत चार बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवायचे. पुढच्या जूनला टीप उसवायची, कपडा खाली सोडायचा, पैसे घ्यायचे नाहीत. "पोर वाढतंय बाई, कापड वाढत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एखादी आई म्हणाली की मामा, कमी कापडात बसवा, तर तिच्यावर खेकसायचे, "का? पोरगं हितंच थांबवायचंय व्हय?"

अंकिता आठवीत जाणार होती, तेव्हा तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं निघालं. सोलापूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन काय सांगितलं, ते त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. पोरीला तर नाहीच. "तिला शाळंत जायचंय, जाऊ द्या," एवढंच म्हणायचे.

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात मी माझा ब्लाउज आणायला गेले. अंकिता दुकानातच होती. शाळेचा नवा निळा कुर्ता अंगाला लावून बघत होती. टेलरची पोर ती, सवयीनं खालची घडी उलटली, आणि तिचा हात थांबला.

"पप्पा, आत कापड न्हाय सोडलं?"

"कमी पडलं, बाळा."

फळीवर त्याच निळ्या कापडाचा तागा अर्धा शिल्लक पडला होता. तिनं त्याच्याकडं बघितलं, "बरं," म्हणाली, कुर्त्याची नीट घडी घातली आणि तो घेऊन घरी गेली.

मी मामांवर तुटून पडले. "काय केलंत हे मामा? आख्ख्या गावाच्या पोरांना कापड सोडता, आणि घरच्या पोरीला नाही?"

ते मशीनच्या चाकावर हात ठेवून बसले होते. "म्या न्हाय केलं, बाई. खडू तिथंच थांबला. डॉक्टर म्हनला, दिवाळीपतोर. हातानं ते ऐकलं." मग म्हणाले, "तिला कळलं नसंल ना?"

त्याच दुपारी त्यांनी कुर्ता परत आणला, टीप उसवली आणि आतून चार बोटांची पट्टी जोडली. पोरीला सांगितलं, विसरलो होतो.

शाळेच्या पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत अंकिता माझ्याजवळ आली. कुर्त्याची खालची कड उलटून तिनं जोड दाखवला. "पप्पा कापड सोडायला कधीच विसरत न्हाईत, बाई. मला सगळं कळलंय. पन तुमी त्यास्नी सांगू नका. ते लई रडतील." मी पदर तोंडाला लावून स्टाफरूममध्ये जाऊन बसले.

दसऱ्याच्या आधीच ती गेली.

मामांनी दुकान बंद केलं नाही. पोरांच्या कपड्यांना चारच्या जागी सहा बोटं सोडू लागले. आया कुरकुरायच्या, ते ऐकायचे नाहीत. आणि मी दिसले की हातातलं काम थांबवून विचारायचे, "बाई, तिला कळलं नव्हतं ना?" मी ठासून सांगायचे, "नाही मामा." खोटं बोलणाऱ्या पोरांना आयुष्यभर छड्या मारल्या मी. हे खोटं मात्र आठ वर्षं न चुकता बोलले.

यंदा उन्हाळ्यात मामांनी अंथरूण धरलं. भेटायला गेले. टेप उशाशी गुंडाळून ठेवलेली होती. आवाज पार खोल गेला होता. मला वाटलं, पुन्हा तेच विचारणार. मी उत्तर तयार ठेवलं.

पण त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "सांगू नका म्हनली आसंल तुमाला. व्हय ना? जोड तिला दिसला न्हाय, आसं कसं हुईल, बाई? टेलरची पोरगी हाय ती."

मी मान डोलावली.

"रागावली हुती का माज्यावर?"

"नाही हो, मामा. तुम्ही रडाल म्हणाली."

मामांनी भिंतीकडं तोंड फिरवलं, आणि रडले.