महामहिमांनी पाहिलेली गाठ

माघातल्या दुपारी ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात स्पिरिटचा वास असायचा, आणि त्यावर हळूहळू चढत जायचा तो दाराबाहेर ठेवलेल्या हिराबायच्या पाटीतल्या उरल्यासुरल्या मासळीचा. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली ही बाई विक्री आटोपली की माझ्या बाकावर येऊन टेकायची. तिच्या मानेवर, पदराआडूनही दिसणारी एक गाठ होती. चार महिने मी ती लांबूनच वाढताना पाहत होतो आणि चार महिने ती मला हात लावू देत नव्हती.

"मना नाय दाखवाचा तुमाना," ती म्हणायची. "आल्विन डाक्टर आयला का त्यालाच दाखवीन."

आल्विन माझा वर्गमित्र. त्याच्या पणजोबांना हिंदुस्थानातून ऊस तोडायला वेस्ट इंडीजमधल्या एका बेटावर नेलं होतं. पणतू वैद्यकी शिकायला मुंबईत आला आणि पदवीनंतर, ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, तीन वर्षं याच दवाखान्यात माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला. रोगी त्याला आधी तिकडच्या वेगवान गोलंदाजांविषयी विचारत आणि मग आपल्या तापाविषयी सांगत. मराठी तो कोळणींकडून शिकला, त्यामुळे आदरार्थी रूपांच्या वाटेला तो कधी गेलाच नाही, आणि रोग्यांना त्याचं काहीच वाटत नसे. मला वाटे. पुढे तो मायदेशी परतला, तिथे दवाखाना थाटला, आणि नव्वदच्या दशकात एके दिवशी सोनेरी मुद्रेच्या जाड कागदावर त्याचं पत्र आलं, की आपण आता या बेटाचे राष्ट्रप्रमुख झालो आहोत.

राष्ट्रप्रमुख म्हणजे काय, तर दुसऱ्यांनी केलेल्या कायद्यांवर सही करायची, दुसऱ्यांनी लिहिलेलं भाषण वाचायचं आणि पुष्पप्रदर्शनात कुठला गुलाब मोठा ते सांगायचं. सोबतच्या छायाचित्रात तो पदकं लावून, रुंद रेशमी पट्टा घालून उभा होता, वरातीतल्या बँडवाल्यासारखा. मला त्याची शिसारी आली. इतकी वर्षं घालवून मिळवलेली विद्या माणसाने फिती कापण्यासाठी सोडून द्यावी, यापरता कृतघ्नपणा मला ठाऊक नव्हता. मी एका ओळीचं उत्तर धाडलं: अभिनंदन, तिकडे आता कुणी आजारी पडत नाही वाटतं. त्यावर त्याचं पत्र आलं नाही.

आला तो स्वतःच, भारताच्या सरकारी दौऱ्यातून ठाण्यासाठी एक तास मागून घेऊन. लगेच सत्कार समिती उगवली. ज्यांनी एके काळी 'परका माणूस, काय खातो कोण जाणे' म्हणून त्याला भाड्याने खोली नाकारली होती, ते सभागृहात पहिल्या रांगेत अत्तर लावून बसले, आणि समितीच्या अध्यक्षांनी 'ठाण्याचे सुपुत्र' हे शब्द इतक्या वेळा उच्चारले की मी मोजणं सोडून दिलं. मंचाच्या कडेला बसून मी सगळ्यांचाच मनसोक्त तिरस्कार करत होतो. महामहिमांच्या जवळ कुणी जायचं नाही, अशी तंबी त्यांच्या सचिवाने दारातच दिली होती. हिराबायला मी बजावलं होतं, की तो आता रोग्यांना हात लावत नाही, उगाच हसं करून घेऊ नकोस. तरीही नवं लुगडं नेसून, हार घेऊन ती गर्दीतून मंचावर घुसलीच.

आल्विनने हारासाठी मान लववली. तिने हार टेबलावर ठेवला आणि पदर बाजूला केला.

सचिव पुढे झाला. आल्विनने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सभेकडे पाठ करून तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला, गळ्याची गाठ पाहताना डॉक्टर राहतो तसा, आणि दोन्ही हातांची बोटं त्याने तिच्या मानेवर टेकवली.

"आवंढा गिळ गो," तो म्हणाला. "परत गिळ. कवापासून हाय?"

ही त्या बेटावरची स्वागताची रीत असावी, अशी सभेची समजूत झाली. निवेदकाने तसं जाहीरही करून टाकलं, टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि समितीचे अध्यक्ष मान पुढे करून हिराबायच्या मागे रांगेत उभे राहिले. एरवी मी पोट धरून हसलो असतो. पण आल्विन माझ्याकडे वळला होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. "उद्याच मोठ्या इस्पितळात पाठव," तो हळू म्हणाला. "थांबू नकोस." आणि मग, सुटकेची वाट नसल्यामुळे, त्याने अध्यक्षांचीही मान तपासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाय इस्पितळासाठी माझी चिठ्ठी न्यायला आली. खिडकीतलं कोवळं ऊन टेबलावर पसरलं होतं आणि ती प्रथमच पदर न सावरता माझ्यासमोर बसली होती. मी लिहिता लिहिता विचारलं, की माझ्या बोटांनाही तेच कळलं असतं, मग चार महिने का घालवलेस?

"तुमी आधी वरडता, डाक्टर," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "मंग बघता."

अशा चिठ्ठीत गाठ किती दिवसांची ते नोंदवावं लागतं. मी 'चार महिने' लिहिलं, आणि त्यातले किती तिचे आणि किती माझे, हे न उमगून पेन तसंच धरून बसून राहिलो.