अर्लकाकांची लाँड्री आणि माझी मदत

ह्यूस्टनला लोक अंतराळयानं बघायला जातात. आम्ही तिघं गेलो ते धुतलेले बॉयलर सूट दाखवायला.

डॅलसजवळच्या आमच्या प्लेनोत अर्लकाकांची लाँड्री आहे. काका पासष्टीचे, कृष्णवर्णीय, आवाज मशीनच्या घरघरीवरूनही ऐकू येणारा. गणपतीनंतर मंडळाचे टेबलक्लॉथ धुवायला घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा हळदीचे डाग बघून ते म्हणाले, "तुम्ही जेवलात की भिंत रंगवलीत?" डाग पुरते गेले नाहीत, पण मैत्री जमली.

एका मोठ्या ऊर्जा कंपनीने कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या छोट्या व्यवसायांसाठी ह्यूस्टनला मेळावा ठेवला होता. डॅलसच्या आसपास कंपनीची वीजकेंद्रं आहेत. तिथल्या कामगारांचे आगीपासून वाचवणारे सूट धुण्याचं काम द्यायचं होतं. काकांचं एक जुनं गिऱ्हाईक गेल्यापासून त्यांची निम्मी मशीनं रिकामीच असतात. "हे काम नाही मिळालं तर चार जणांना घरी पाठवावं लागेल," त्यांची मुलगी डेनीस मला म्हणाली. ऑफिसचं सगळं तीच बघते. मी लगेच म्हटलं, "गाडी मी चालवतो. तिथल्या टेबलावरही मदत करतो."

निघताना बायको म्हणाली, "तिघं जाताय? तीन तिघाडा! खिशात सुपारी टाका, म्हणजे चार होतील." टाकली.

तुम्हाला जायचं असेल तर एक सांगतो, डॅलस सकाळी सहाच्या आत ओलांडा. नंतर तो हायवे राहत नाही, पार्किंग लॉट होतो. पुढे सरळ दक्षिणेला, थांबे धरून साडेचार तास. दोन्हीकडे गवत, गाई आणि चर्चच्या पाट्या. एका पाटीवर लिहिलं होतं, 'घाईत आहात? देव घाईत नाही.' मी वेग थोडा कमी केला.

वाटेत पेट्रोल पंपावर त्या दोघांनी धुरावर शिजवलेल्या मांसाचं ब्रिस्केट सँडविच घेतलं. माझी एकादशी होती, मी डबा उघडला. डेनीसने चमचाभर साबुदाणा खिचडी चाखली, मग अजून दोन चमचे.

"हा तुमचा उपवास?"

"हो."

"मिस्टर शिंदे, मग तुम्ही जेवता तेव्हा काय करता?"

एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपल्याकडचं वचन तिला कुणीही न सांगता कळलं होतं.

ह्यूस्टनमध्ये मेळाव्याच्या दारातच पार्किंग पंचवीस डॉलर होतं, चार गल्ल्या मागे दहा. आम्ही पंधरा डॉलर वाचवले आणि तिथल्या दमट हवेत इस्त्रीचे शर्ट भिजवून घेतले.

आता माझी चूक सांगतो. माझ्या गावात शेजारी लग्न असलं की आपण मांडवाच्या तोंडाशी उभं राहायचं. आल्यागेल्याला 'या, बसा' म्हणायचं, पाणी विचारायचं. वधूपिता नेमका कोण हे पाहुण्याला ओळखू येऊ नये, इतकं घरचं होऊन राबायचं. मी तेच केलं. सूट-टाय घालून टेबलापुढे उभा राहिलो आणि काकांना मागे खुर्ची दिली. "तुम्ही बसा. मी बघतो."

कंपनीच्या मिसेस ग्रीन आल्या. त्याही कृष्णवर्णीय, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी विचारलं, माणसं किती? मी म्हणालो, सोळा. मशीन किती? तेही मीच सांगितलं. त्यांचं पेन थांबलं.

"व्यवसाय कोणाचा?"

"यांचा!" देवळात मूर्तीकडे हात करावा तसा मी काकांकडे हात केला.

"मग हे बोलत का नाहीत?"

डेनीसने माझी बाही ओढली. "काही लोक कृष्णवर्णीय माणसाला नावापुरता मालक करतात आणि काम स्वतः लाटतात," ती कुजबुजली. "तिला वाटतंय, ते लोक म्हणजे तुम्ही!"

चार घरांची चूल माझ्या टायला लटकली होती. मनात नामस्मरण सुरू केलं. एवढ्यात मिसेस ग्रीननी मलाच विचारलं, "हे सूट धुताना शेवटच्या पाण्यात काय घालता?"

वाटलं, एक झकास उत्तर द्यावं, सगळं सावरेल.

"सॉफ्टनर! सुगंधी. कामगारांना मऊ वाटायला हवं ना!"

मागे खुर्ची करकरली.

"सॉफ्टनर?" अर्लकाका उभे राहिले होते. "माझ्या दुकानात? सॉफ्टनरचा थर कापडावर बसतो. ठिणगी पडली की आधी तो पेटतो, मग आतला माणूस! तीस वर्षांत माझ्या दाराच्या आत त्याची बाटली आलेली नाही. आणि तू, ब्रदर, तू त्या खुर्चीत बस!"

मी बसलो. खुर्ची अजून गरम होती.

मग काकांनी सूट उलटा केला, शिवण दाखवली, पाणी किती गरम हवं ते सांगितलं, कुठला डाग धोक्याचा ते बोटाने चोळून दाखवलं. मिसेस ग्रीननी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि अर्धा तास हलल्या नाहीत. जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मालक कोण ते आता कळलं."

परतीच्या वाटेवर मी क्षमा मागितली. डेनीसला हसू आवरत नव्हतं. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ब्रदर, त्या प्रश्नाचं उत्तर तुला बरोबर आलं असतं ना, तर आपलं काम गेलं असतं."

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. दोन वीजकेंद्रांचं काम मिळालं, एक वर्षासाठी. मोठं नाही, पण चौघंही कामावर राहिले.

माझ्याजवळ राहिली ती मात्र खुर्चीतली ती तीस मिनिटं. दुसऱ्यासाठी राबताना त्याची जागा आपण कधी घेऊन बसतो, ते आपल्याला कळतच नाही. देवाशीही माझं तसंच चालतं. रोज सकाळी कोणाला बरं कर, कोणाचा व्हिसा आधी बघ, मी त्याला मोठ्याने यादीच देतो. फोन आल्यानंतरच्या सकाळी समई लावली, हात जोडले आणि प्रथमच गप्प बसलो.

बायको स्वयंपाकघरातून डोकावली. "बरं नाही का तुम्हाला?"