कापसाच्या खोलीतले नाना

नाना समोर येईल ते मोठ्यानं वाचत. लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरची सूचना, बियाण्याच्या पिशवीवरचा पत्ता, काहीही. पारोळ्याजवळच्या आमच्या गावातून ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, पण वाचन काही निवृत्त झालं नाही. वर्गात ते धडा वाचू लागले की मागच्या बाकावरची आमची टोळीसुद्धा गप्प बसायची.

पारोळ्यात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. पुण्याची एक कंपनी पुस्तकं आवाजात काढते आणि वाचणारे शोधते आहे, हे मीच नानांना सांगितलं. तेव्हा त्यांचं वय बहात्तर. "मराना आधी एक पुस्तक मना आवाजमा निंघाले पाह्यजे," ते म्हणाले. या माणसानं दुसरं काही मागितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्याकडे ई-मेल नव्हता, म्हणून कंपनीला पत्ता माझा दिला. सगळं वाटोळं तिथून सुरू झालं.

पहिला नमुना लॅपटॉपच्याच माईकवर घेतला. चार दिवसांनी उत्तर आलं: 'आवाज उत्तम. मात्र बोलण्यातला ग्रामीण हेल आमच्या श्रोत्यांना रुचणार नाही.' नाना समोर उभे. ज्यांनी आयुष्यभर आम्हा पोरांना शुद्ध बोलायला शिकवलं, ज्यांच्या धाकानं मी अजूनही त्यांच्याशी पुस्तकी मराठीतच बोलत होतो, त्यांना हे कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, "नाना, माईक हलका आहे. खरखर येते म्हणतात."

"मंग माईक बदलू. त्यामा काय शे!"

आणि म्हातारा कामाला लागला. "इकत लेवाना आधी कानले इचारा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. धुळ्याच्या दुकानात त्यांनी तीन माईकवर एकच उतारा वाचला आणि हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकला. दुकानदार महागड्या माईकचं कौतुक करत होता. नाना म्हणाले, "हाऊ तं गावनी बठ्ठी भानगड ऐकी लेस." खरंच, त्यात रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा आले होते. शेवटी त्यांनी भजनी मंडळाचा जुना, तोंडाजवळ धरून गायचा माईक मागून आणला. तो लॅपटॉपला थेट जोडला तर आवाज अगदी बारीक येई, म्हणून मध्ये जोडायची एक छोटी पेटी तेवढी विकत घेतली. 'प' आणि 'फ'चा वारा माईकवर आदळू नये म्हणून भरतकामाच्या कड्यावर नानांच्या पत्नीच्या, काकूंच्या, जुन्या लुगड्याचा तुकडा ताणला.

खोलीचा घुमारा मात्र जाईना. तेव्हा नाना थेट आपल्या घरातल्या कापसाच्या खोलीत शिरले. भाव वाढेल या आशेनं आमच्या भागात कापूस घरातच भरून ठेवतात. आढ्यापर्यंत ढीग, मधे खुर्चीपुरती जागा. तिथं टाळी वाजवली तर जागच्या जागी विरायची. लाखांचे स्टुडिओ बांधणाऱ्यांनी येऊन पाहावं असं ते काम होतं. शेजारची पिठाची गिरणी भारनियमनात बंद असे, तेवढ्या वेळात आम्ही बॅटरीवर लॅपटॉप चालवून रेकॉर्डिंग करायचो. कापसाच्या तंतूंनी त्यांना ठसका लागे, अंगाला खाज सुटे. पाणी पिऊन ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेत.

"मंजुरी येवावर धावपळ नको," म्हणत त्यांनी कंपनीनं नमुन्यासाठी दिलेलं पुस्तक सगळंच वाचायला घेतलं. चौदा प्रकरणं झाली. नवा नमुना पाठवला की पुण्याहून दर वेळी तेच उत्तर, पुढे तर उत्तरही बंद. आणि दर वेळी मी नवा दोष काढला: लॅपटॉपचा पंखा, वायर, पेटी. माझी मलाच लाज वाटायला हवी होती. उलट मला वाटायचं, मी म्हाताऱ्याचं मन सांभाळतोय.

एका दुपारी नाना दुकानात आले. मी चहा सांगायला बाहेर गेलो आणि कंपनीची पत्रं स्क्रीनवर उघडीच राहिली. परत आलो तेव्हा ते पहिलं पत्र वाचत होते. मोठ्यानं. झेरॉक्ससाठी आलेली दोन गिऱ्हाइकं ऐकत उभी होती. 'ग्रामीण हेल' या शब्दांवर नाना अडखळले नाहीत. खालची सही, तारीख, सगळं वाचून त्यांनी चष्मा काढला.

"माले सांगतास तं मी हेल सुधारी लेतू, नहीतं त्यास्ले सांगतू, तुम्हनं पुस्तक तुम्हीच वाचा. काय करानं ते मी दखतू. तू कोन ठरावनारा?"

मी चहा पुढे केला. त्यांनी घेतला नाही. भजनी मंडळाचा माईक स्वतः पुसून परत केला आणि पुन्हा कधी माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत. रस्त्यात भेटले तर नुसती मान हलवत.

गेल्या वर्षी नाना गेले. पाचोऱ्याला नोकरी करणारा त्यांचा मुलगा दहाव्याच्या दिवशी मला म्हणाला, "भाऊ, नानास्ना आवाज तुम्हनाकडे शे ना?" मी सगळी प्रकरणं पेन ड्राइव्हमध्ये भरून नेली. ओसरीवर त्यानं पहिलं प्रकरण लावलं. बायका आतून येऊन दाराशी थांबल्या. आवाज खणखणीत होता, कुठे खरखर नव्हती. मुलगा उपरण्यानं डोळे पुसत म्हणाला, "इतला चांगला आवाज! मंग ते पुस्तक कसं नही निंघनं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते.

"माईक हलका व्हता," मी म्हणालो.