देवाजीभाऊंची बल्बांची माळ

आलापल्लीच्या बाजारात देवाजीभाऊंच्या दुरुस्तीच्या दुकानाला पाटी नाही. दारातली चार बल्बांची माळ हीच खूण. रेडिओ गेले, टेप गेले, आता टेबलावर ई-रिक्षांचे कंट्रोलर, म्हणजे मोटर चालवणारे डबे, येतात. भाऊंची रीत मात्र तीच: दुरुस्त वस्तूला आधी माळेतून वीज द्यायची. बल्ब क्षणभर चमकून विझले तर काम पक्कं, चहा गिऱ्हाईकानं पाजायचा. पेटून राहिले तर आत शॉर्ट, चहा भाऊंचा.

एका दुपारी ई-रिक्षा चालवणाऱ्या कमळाबाईनं बंद पडलेली रिक्षा ढकलत आणली.

"भाऊ, उद्या दहावीचा पहिला पेपर हाय. आमच्या गावच्या पाच पोरी माह्या भरोशावर हायेत. तिथून सकाळी बस नाई."

भाऊंनी सीट उचलली. कंट्रोलर गोधडीत गुंडाळलेला!

"हे काऊन वो?"

"रस्ता खड्ड्यांचा. त्याले धक्का लागू नये म्हनून."

"अवो, लेकरू हाय का ते? त्याले हवा पायजे. गुदमरून मेलं बिचारं!"

डबा उघडला. मोटरला वीज सोडणारे मॉस्फेट, बोटाच्या पेराएवढे काळे तुकडे, रांगेत बसलेले. मीटरच्या सुया त्यातल्या दोन तुकड्यांवर टेकवताच तो किंचाळला. भाऊंनी मात्र रांगेतले सहाही काढले.

"दोनच मेले ना?"

"दोन ताजे नि चार थकलेले बैल एका गाडीले जुंपते का कोनी?"

गप्पा मारत मारत त्यांनी सहा नवे मॉस्फेट डाग देऊन बसवले, डब्याला स्क्रूनं आवळले, डबा रिक्षात बसवला आणि माळ जोडली. चारही बल्ब पेटले. पेटलेच राहिले.

"चहा तुमचा," कमळाबाई बाहेरच्या कलत्या उन्हाकडे बघत म्हणाली.

भाऊंचे कान तापले. आता गप्पा बंद. एकेक स्क्रू सोडत गेले, तेव्हा तिसऱ्या मॉस्फेटखाली चोर सापडला. वीज अडवणारी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ अभ्रकाची चकती फाटलेली. त्यातून वीज थेट डब्याच्या पत्र्यात उतरत होती.

"चूक माही हाय, बाई. बोलता बोलता जुनीच चकती लावली."

नवी चकती घातली. पुन्हा माळ. बल्ब चमकले आणि विझले. मग माळ काढून सरळ बॅटरी जोडली, कमळाबाईनं मूठ पिळली, तसं टेकू देऊन उचललेलं मागचं चाक गरगरलं.

"आता चहा कोनाचा?"

"एक तुमचा, एक माहा," भाऊ म्हणाले. "पन गोधडी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा हॉर्न वाजवत दुकानासमोरून गेली. पाच पोरी मांडीवर पुस्तकं धरून बसलेल्या, आणि त्यांच्या खाली, सीटवर, दोन घड्या घातलेली तीच गोधडी.