चाकणचा हिंदुराव

चाकणच्या शनिवारच्या बाजारात ज्योतीराम मापाडी होता. बाजरीच्या राशीपुढं एक गुडघा मोडून बसायचा, पायली भरून ओतता ओतता मोठ्यानं मोजायचा, आणि पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता सगळ्या मापाड्यांसारखं ‘लाभ’ म्हणायचा. आवाज असा खणखणीत की पार कांद्याच्या वखारीपर्यंत ऐकू जायचा. पण बाजार त्याला ओळखत होता तो मापासाठी नव्हे. ज्योतीराम हिंदुरावाची नक्कल करायचा.

हिंदुराव कळंबकर हा तमाशातला सोंगाड्या. नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांची गावं त्याच्यावर जीव टाकायची. जत्रेला कुस्त्या कुणाच्या लागल्यात हे लोक नंतर विचारायचे. आधी विचारायचे, ‘हिंदुराव येतोय का?’ ज्योतीरामनं त्याला पहिल्यांदा बघितलं ते भोसरीच्या जत्रेत, दुसऱ्या दिवशीच्या हजेरीच्या खेळाला, टळटळीत उन्हात. दरबार भरलेला. राजा ओरडतोय, ‘अरे, प्रधान कुठं मेला?’ आणि ढोलकीवाल्याच्या मागून नुसता एक पाय पुढं आला. जमिनीला टेकावं की नाही याचा विचार करत तो पाय हवेतच थांबला. मग दुसरा पाय आला. सगळ्यात शेवटी मान पुढं काढून हिंदुरावानं आपल्याच पायांकडं बघितलं आणि लोकांना विचारलं, ‘आलो का मी?’

‘आलास रं, आलास!’ सगळी जत्रा एका तोंडानं ओरडली. ज्योतीरामही ओरडला, आणि ओरडता ओरडता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्याला कारण होतं. त्याचं पहिलं मूल चौदा दिवसांचं होऊन गेलं होतं. बायको शकू त्या दिवसापासून कामापुरतं बोलायची आणि बाकी वेळ भिंतीकडं बघत बसायची. बायाबापड्यांनी तमाशाला जायची रीत नव्हती, तेव्हा तिला घेऊन जाणं शक्य नव्हतं. भोसरीहून परत आल्यावर ज्योतीराम दारातच थांबला. त्यानं आधी एक पाय आत घातला, हवेत धरला, मग दुसरा, मग मान. ‘आलो का मी?’ शकू बघत राहिली. त्यानं पुन्हा केलं. तिसऱ्या खेपेला तिनं पदर तोंडात धरला, पण हसू काही आवरलं नाही. वर्षभरानं त्या घरात कुणीतरी हसलं.

तिथून सुरुवात झाली. शकूसाठी म्हणून केलेलं सोंग शेजारच्या बायांनी बघितलं, मग आळीनं, मग बाजारानं. यष्टी थांबायची त्या जागेला लागून बबनरावाचं चहाचं हॉटेल होतं. तिथं फोनोवर हिंदुरावाच्या बतावणीची तबकडी लागायची, आणि ती लागली की लोक ज्योतीरामला हाक मारायचे. तबकडीतून आवाज यायचा, सोंग ज्योतीराम वठवायचा. मिरच्या विकणारी गोजाबाई म्हणायची, ‘आमी बाया कवा बघनार हिंदुरावाला? आमचा हिंदुराव ह्योच!’ हळूहळू ते नावच पडलं. कुणी विचारलं की ‘तुमी भेटलाय का त्याला?’, तर ज्योतीराम सांगायचा, ‘भेटलोय म्हंजे? एका ताटात जेवलोय.’ जेवला कधीच नव्हता. पण पहिल्यांदा ते खपून गेलं, आणि मग मागं घेता येईना.

छप्पन सालच्या पौषातली गोष्ट. शनिवार होता, बाजार भरात होता. खेडकडून आलेल्या गाडीतून एक म्हातारा उतरला. गळ्याला मफलर, हातात काठी, तोंड एका बाजूला ओढलेलं. लकवा मारलेला माणूस. पुण्याची गाडी यायला अवकाश होता म्हणून तो बबनरावाच्या हॉटेलात बाकावर टेकला. फोनोवर तीच तबकडी चालू होती. म्हातारा कान देऊन ऐकत राहिला, आणि शेजारच्या माणसाला जडशीळ जिभेनं म्हणाला, ‘ह्यो... मी हाय.’

त्या माणसाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो मांडीवर थाप मारून हसला. ‘बबनराव, ऐकलं का? पावणं म्हंत्यात, तबकडीतला हिंदुराव म्हंजे आपुनच!’

हॉटेल खदखदलं. कुणीतरी ओरडलं, ‘आरं, मग आमच्या हिंदुरावाला बोलवा! बघू खरा कोन त्यो!’

ज्योतीराम पायली टाकून आला. त्याच्या मागून बाजार आला. भज्यांच्या कढईपासून रस्त्यापर्यंत माणूस दाटला. ज्योतीरामनं म्हाताऱ्याकडं नीट बघितलंही नाही. त्यानं सोंग सुरू केलं: पाय, दुसरा पाय, मान, ‘आलो का मी?’

‘आलास रं, आलास!’

म्हातारा मात्र मान हलवत होता. तो काठीवर भार देऊन उठला, ज्योतीरामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘खांदा... खाली. खांदा... सोड.’ आणि दाखवण्यासाठी त्यानं आपला धड असलेला पाय उचलला. तो पाय जमिनीपासून वीतभर वर, टेकावं की नाही याचा विचार करत थांबला.

तो पाय ज्योतीरामनं भोसरीत बघितला होता. त्यानंतर रोज तो पाय तो स्वतः उचलत आला होता आणि कधीच त्याला तो तसा साधला नव्हता. म्हातारा हिंदुरावच होता. त्या एका क्षणात त्याला सगळं लख्ख कळलं. त्यानं खाली वाकून पाय धरायला हवे होते. तसं केलं असतं, तर सगळ्या बाजारानं धरले असते.

पण लोक हसत होते. दोनशे माणसं त्याच्याकडं बघून हसत होती, आता हा काय करतो म्हणून वाट बघत होती. शिवाय एका ताटात जेवलेला माणूस खऱ्याला ओळखू शकला नाही, हेही उघडं पडणार होतं. ज्योतीरामनं तोंड एका बाजूला ओढलं. जीभ जड केली. म्हाताऱ्याचीच काठी हातात घेतली आणि लकवा मारल्यासारखा पाय फरफटत तो पुढं आला. ‘आ... ओ... का... ई?’

असा हशा चाकणच्या बाजारात कधी पिकला नव्हता. माणसं पोट धरून खाली बसली. गोजाबाई डोळे पुसत होती.

म्हाताऱ्यानं काठीसाठी हात पुढं केला. काठी हातात आल्यावर त्यानं, खेळ संपल्यावर सोंगाड्या करतो तसा, चारी बाजूंना वळून लोकांना नमस्कार केला. आणि गाडी यायची होती तरी तो उन्हात रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.

ज्योतीराम हे कुणाला बोलला नाही. शकूलाही नाही. बाजारात सोंग करायला लावलं की करायचा, पण घरी त्यानं पुन्हा दारात पाय हवेत धरला नाही. शकूनं एकदोनदा विचारलं, मग सोडून दिलं.

पुढच्या वर्षी फाल्गुनात पुण्याहून आलेल्या पेपरात बातमी आली. हिंदुराव कळंबकर गेले. बबनरावानं फोनोवर काळं फडकं टाकलं. एका जुन्या जाहिरातीच्या कागदावर हिंदुरावाचं चित्र होतं, ते कापून पुठ्ठ्यावर डकवलं, त्याला झेंडूचा हार घातला. लोक बाजाराला यायचे आणि आधी तिथं थांबून हात जोडायचे. पिंपरीत औषधाच्या कारखान्यात लागलेली माणसं सुट्टीच्या दिवशी मुद्दाम गावी आली. गोजाबाई तर घरचंच माणूस गेल्यासारखी रडली. पुढच्या शनिवारी सरपंच उद्धवरावांनी हॉटेलापुढं शोकसभा ठेवली. चार माणसं बोलली. मग उद्धवराव म्हणाले, ‘आता ज्यानं त्यांच्यासंगं एका ताटात अन्न खाल्लंय, त्यानं दोन शब्द बोलावं.’

ज्योतीरामला सोडलेल्या बैलगाडीवर चढवलं. वर उभं राहीपर्यंत त्याचं ठरलं होतं. आज सांगायचं. ‘मंडळी,’ तो म्हणाला, ‘मी तुमाला एक खरं सांगतो...’ आणि त्यानं खाली बघितलं. खालची सगळी तोंडं त्याच्याकडं लागली होती, ओल्या डोळ्यांची, मायेनं भरलेली. एकानं म्हटलं, ‘ऱ्हाऊ द्या, बोलवत न्हाई त्यास्नी. दादा, शेवटचं एकदा करून दावा.’ लगेच चारही बाजूंनी तेच सुरू झालं. ज्योतीरामनं पाय उचलला.

‘आलो का मी?’

‘आलास रं, आलास!’ लोक रडत ओरडले. सभा संपल्यावर बबनरावानं चित्रावरचा हार काढला आणि ज्योतीरामच्या गळ्यात घातला.

तो हार त्यानं घरापर्यंत नेला नाही. ओढ्याच्या पुलाखाली दगडाआड टाकला आणि बराच वेळ तिथंच बसून राहिला. लोकांनी आपल्याला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं.

चौथ्या दिवशी तो यष्टीत बसून कळंबला गेला. हिंदुरावाचं घर साधं होतं, दोन खणांचं, पुढं शेणानं सारवलेली ओटी. हिंदुरावाची बायको रुक्मिणीबाई ओटीवर हुलगे निवडत बसली होती. ज्योतीराम उभाच राहिला. नाव सांगितलं, गाव सांगितलं.

‘चाकन?’ रुक्मिणीबाईचा हात सुपात थांबला. ‘बसा.’

‘न्हाई वैनी, मी बसायच्या लायकीचा न्हाई,’ तो म्हणाला, आणि त्यानं सगळं सांगितलं. तबकडी, म्हातारा, उचललेला पाय. आपण ओळखलं होतं हेही सांगितलं. तोंड कसं वाकडं केलं, काठी कशी घेतली, काही ठेवलं नाही.

त्याचं झाल्यावर ती म्हणाली, ‘त्या दिसापासनं आठ दिस ते माज्यासंगं बोललं न्हाईत. पुन्याच्या दवाखान्यातबी गेलं न्हवतं, चाकनातनं दुसऱ्या गाडीनं माघारी आलं. मी म्हनलं, का आलात? तर नुस्ती मान हलिवली. मला वाटलं, दुखन्याला भ्यालं.’

ज्योतीरामनं डोकं ओटीला टेकलं. ‘वैनी, मला माफ करा.’

‘तुमी हे मला का सांगाय आलात?’

‘तुमाला हलकं वाटावं म्हून,’ तीच म्हणाली. आवाज चढला नव्हता. ‘मी समजत व्हते, त्यास्नी दुखन्यानं नेलं. आता ऱ्हायलेल्या जलमात मी ह्येच बघत बसनार, त्यांची काठी तुमच्या हातात.’ तिनं सूप पुन्हा उचललं. ‘माफ करायचं माज्याकडं काय न्हाई. आन् केलंत ते काय माज्या ओटीवर केलंत? ज्यांच्यापुढं केलंत, त्यास्नी सांगा जा.’

परतीच्या गाडीत ज्योतीराम खिडकीशी बसला होता, पण मंचर कधी गेलं, खेड कधी गेलं, त्याला कळलं नाही. त्या बाईचं ओझं आपण वाढवून आलो, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्यानं घरी जाऊन आधी शकूला सांगितलं. ती चुलीपुढं बसून ऐकत होती. मग म्हणाली, ‘मला हसवलं व्हतं त्या मानसानं.’ आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

शनिवारी बाजार भरला. ज्योतीराम बबनरावाच्या हॉटेलात बाकावर चढून उभा राहिला. लोकांना वाटलं, सोंग करतोय. माणसं गोळा झाली. तो म्हणाला, ‘गेल्या साली पौषात हितं एक लकव्याचा म्हातारा बसला व्हता. त्योच हिंदुराव व्हता. मी वळखलं व्हतं. वळखून मी त्याची नक्कल केली, आन् एका ताटात जेवल्याचं मी खोटं सांगितलं.’

कुणीच हसलं नाही. मग बबनरावच पुढं आला. तोंड लाल झालं होतं त्याचं. ‘खाली उतर. त्यो हिंदुराव न्हवताच.’

‘व्हता, बबनराव. मी कळंबला जाऊन आलोय.’

‘न्हवता म्हनतो ना!’ बबनराव ओरडला. ‘माज्या हाटेलात हिंदुराव आला असता आन् मी त्याला च्या दिला नसता व्हय रं?’

दोघातिघांनी ज्योतीरामला धरून खाली उतरवलं. उद्धवराव समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘दुःखानं डोस्कं फिरलंय त्याचं. लई जीव व्हता त्याचा.’ लोकांना ते पटलं. बघता बघता माणसं पांगली, जो तो घाईघाईनं आपल्या कामाला लागला, आणि जाता जाता कुणी त्याच्याकडं बघेना. ज्योतीरामला कळून चुकलं. त्यांना ते खरं व्हायला नको होतं. त्या दिवशी हसले तर सगळेच होते.

तो राशीकडं निघाला. वाटेत गोजाबाई मिरच्यांच्या ढिगामागं बसली होती. तिनं त्याला हाक मारली नाही, वरही बघितलं नाही. तो जवळून जाताना मात्र तिचा आवाज आला, अगदी हलका.

‘त्यानं मला नमस्कार केला व्हता,’ गोजाबाई म्हणाली. ‘माज्याकडं वळून. आन् मी हसतच व्हते.’

ज्योतीराम थांबला. समोर गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं. गोजाबाईनं तागडी उचलली, आणि तो तिच्या ढिगाशेजारी, बाजाराकडं पाठ करून, तिचं गिऱ्हाईक जाईपर्यंत बसून राहिला.