गाव वेशीबाहेर, मी आत

मी फौजेतून हवालदार म्हणून सुटलो, पण मालवणच्या किनाऱ्यावरच्या ह्या गावात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. सरकारने उभ्या नोकरीत दिली नाही ती बढती गावाने एका चहावर दिली. मी दोन-तीनदा सुधारून बघितले. मग म्हटले, मरूदे, एवढे सगळे म्हणतायत तर असेनही.

मेजर झालो तरी घर नाही ते नाहीच. माझा गाव वैभववाडीकडे, घाटाच्या पायथ्याला. अजून आहे तिथेच, पण धरणाच्या तळाला. मी बर्फात बंदूक धरून उभा होतो तेव्हा इकडे गावात पाणी चढले. पुनर्वसनात जागेचा तुकडा मिळाला तो भावाच्या नावावर, त्यावर घर उठले ते भावजयीच्या मनासारखे. मी रजेवर आलो की ती विचारायची, "परत कधी निघणार?" तेही मी चपला काढायच्या आधी. आई होती तोवर ऐकून घेतले. मी निघालो की आई वाटेपर्यंत यायची आणि म्हणायची, "पोचल्यार कळव रे." कुठल्या कुठल्या डोंगरावरून मी तिला पोचलो म्हणून कळवले. आई गेली, आणि नंतर एकदा भावजयीने माझी ट्रंक गोठ्यात नेऊन ठेवली. मी ट्रंक उचलली आणि चालू लागलो. माझा राग नाकावर असतो. डोक्यापर्यंत जायचे कष्टसुद्धा त्याला पडत नाहीत.

तेव्हापासून मी निवाऱ्यांत राहिलो. पेन्शन येते, पोट भरते, पण एकट्या तापट म्हाताऱ्याला भाड्याने खोली कोण देतो? घाटावरच्या एका शहरात रात्रीचा निवारा होता. संध्याकाळी आत घ्यायचे, सकाळी बाहेर काढायचे, कोंबड्यांसारखे. कोंबडीकडून निदान अंड्याची तरी अपेक्षा असते, आमच्याकडून तीही नव्हती. मग माजी सैनिकांचे विश्रामगृह. तिथे गादी मऊ, पण मुक्काम मोजका. मुदत संपली की व्यवस्थापक कडक सलाम ठोकून बाहेर काढायचा. मानाने काढायचा, पण काढायचाच. नंतर एका देवस्थानचे भक्तनिवास. तिथे भक्ती दाखवावी लागते. मी पहाटेच्या आरतीला परेडचा आवाज लावला, तर पुजाऱ्यानेच हात जोडून सांगितले, "तुम्ही मनातल्या मनात म्हटलीत तरी देवाला पोचते."

निवाऱ्यात राहायचे एक शास्त्र आहे, ते मला पाठ आहे. दाराशी झोपू नये. चपला उशाखाली घ्याव्यात. घोरणाऱ्याच्या आधी झोपावे. आणि आपली रडकथा कुणाला सांगू नये, कारण शेजारच्याची आपल्यापेक्षा मोठी निघते आणि मग रात्रभर ती ऐकावी लागते.

ह्या गावात आलो तो जत्रेला. शेवटची एसटी चुकली म्हणून वादळ निवाऱ्याच्या खाली, खांबांच्या मधे, ट्रंक उशाला घेऊन पडलो. वादळ निवारा म्हणजे वादळ आले की किनाऱ्यावरच्या लोकांनी आसऱ्याला यावे म्हणून सरकारने बांधलेले उंच खांबांवरचे घर. वर भलामोठा हॉल, खिडक्या भक्कम, नळ, संडास, सगळे आहे. नाही ती फक्त माणसे. गेल्या वेळी वादळाचा इशारा आला तेव्हा पोलीस, तलाठी, सरपंच घरोघर हात जोडत फिरले, पण कोणी उंबरा सोडला नाही. "वादळ येतला आणि जातला, घर खंय टाकू?" हेच उत्तर.

सकाळी एक बाई काठी घेऊन माझ्यापुढे उभी. निवाऱ्याला लागूनच तिचे घर, नवरा वारलेला, मुली लग्न होऊन गोव्याकडे. "कोण रे तू? चोर आसंस तर हंय तुका काय गावचा नाय."

मी म्हटले, "चोर नाय, फौजी आसंय."

"मग आडवो कित्या पडलंस? उठ, पेज पी."

ती झाली माझी वयनी, म्हणजे वहिनी. तिच्याकडे दोन म्हाताऱ्या कोंबड्या, एक शेळी आणि एक तांबडा कुत्रा. कुत्रा पहिल्याच दिवशी माझ्या ट्रंकेवर चढून झोपला. सरपंचबाईंनी डोके चालवले. "वादळ इला तर कुलूप उघडूक कोणतरी होयोच," असे म्हणून किल्ली माझ्या हातात दिली. अशा रीतीने मी अख्ख्या गावाच्या निवाऱ्यात एकटा राहू लागलो. हॉलमध्ये मी जागा बदलत झोपायचो, म्हणजे प्रत्येक कोपऱ्याला माणूस पाहिल्याचे समाधान.

असा दोन पावसाळे राहिलो. मग आली गावपळण.

ही आमच्या भागातल्या काही गावांची चाल आहे. दर काही वर्षांनी ग्रामदेवाला कौल लावतात, म्हणजे देवाला विचारतात. देव हो म्हणाला की सगळा गाव तीन दिवस तीन रात्री बाहेर पडतो. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीबाहेर, रानात झोपड्या बांधून. गावात चिटपाखरू उरता कामा नये. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, देव हो म्हणाला तर परत यायचे, नाहीतर मुक्काम वाढला. सरकार पाया पडले तेव्हा उंबरा न सोडणारी हीच माणसे देवाच्या एका शब्दावर खुराड्यासकट निघतात. मला कळले तेव्हा मी हसलो. पण दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो, कारण विषय माझा होता. वेशीपलीकडच्या माळावर मी आखणी करून दिली. चुली वाऱ्याच्या खालच्या अंगाला, गुरे पाण्याजवळ, झोपडीचे तोंड पूर्वेला. झावळ्या कशा शाकारायच्या ते आम्हाला शिकवू नका असे गावाने मला सांगितले, तेवढे मी ऐकले. बाकी आठवडाभर माझीच बडबड चालू होती.

निघायच्या आदल्या दिवशी देवळात बैठक होती. वेशीवर कुठल्या घराची झोपडी कुठे, हे तिथे ठरते. सगळी घरे झाली आणि एकाने विचारले, "मेजराचा काय?"

दुसरा म्हणाला, "निवारो सरकारचो. सरकार काय गावपळणीक भायर पडता?"

"सरकार नाय, पण मेजर जित्तो आसा मां? जित्ता कायएक गावात उराक नको."

गावच्या मुख्य मानकऱ्यांनी डोळे मिटून विचार केला. देवाच्या कामात शेवटचा शब्द त्यांचा, आणि माणूस सज्जन. ते म्हणाले, "मेजर पावणो. पावण्यान तीन दिवस आपल्या गावाक जावन येवचा."

त्यांच्या मनात वाकडे काही नव्हते, उलट माझी सोय बघत होते. पण मला ते असे लागले की विचारू नका. आठवडाभर मी ह्यांच्या चुली आखल्या, आणि झोपडी द्यायची वेळ आली तेव्हा मी पावणा. आणि आपल्या गावाक म्हणजे कुठल्या? पावसाळा संपल्यावर धरण तुडुंब असते. माझ्या गावी जायचे तर मासळी व्हायला हवे. हे सगळे तिथे बोलता आले असते. मी फक्त "जातंय" म्हटले आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढोल वाजला आणि गाव निघाला. डोक्यावर बोचकी, काखेत कोंबड्या, पुढे गुरे, आणि एका म्हातारीच्या हातात टीव्हीचा रिमोट, तो का ते तिलाच ठाऊक. मी निवाऱ्याला कुलूप घातले, ट्रंक घेतली आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन बसलो. कट्टा नावाच्या बाजारगावापर्यंत एसटी, पुढचे पुढे बघू, असा बेत. माझ्यासमोरून सगळे गेले, मी मान वळवून बसलो. थांब्यापासून हाकेच्या अंतरावर रस्त्यात ओढ्यावरची मोरी आहे, तीच वेस. मोरीपलीकडे सगळा गाव जमला आणि अलीकडे सामसूम झाली. इतकी की नारळ पडला तर दचकायला होई.

एसटी आली नाही. तांबडा कुत्रा मात्र आला आणि ट्रंकेवर चढून बसला.

थोड्या वेळाने मोरीपलीकडून वयनीची हाक आली. "यू यू यू." कुत्र्याने कान हलवले, पण जागचा हलला नाही. ती पुन्हा ओरडली. कुत्र्याने माझ्याकडे बघितले. मी त्याला म्हटले, "जा, तू गावचो आसंस." तो आणखी ऐसपैस बसला.

वयनीने हात कपाळाला लावून बघितले आणि तिला मी दिसलो. "मेजरा, थंय काय करतंस रे?"

"एसटीची वाट बघतंय."

पलीकडे हशा पिकला. कोणीतरी ओरडले, "एसटी आज मोरयेपर्यंतच येता. गाव रिकामो झाल्यार ती थंय कोणाक न्हेतली?"

हे मला कुणी सांगितले नव्हते आणि मी कुणाला विचारले नव्हते. राग नाकावर असला की डोक्यात काही शिरत नाही. आता मोरी ओलांडून, सगळ्या गावासमोरून, पावणा म्हणून ट्रंक घेऊन एसटीत चढायचे. मी उठून बघितले, पाय उचलेनात. खरे सांगतो, कट्ट्याला उतरून पुढे कुठे जायचे ते मला माहीत नव्हते. म्हणून मी परत बसलो.

ऊन उतरू लागले तसे मानकरी घाबरले. दिवस बुडायच्या आत गाव मोकळा व्हायला हवा, आणि इथे एक माणूस आणि एक कुत्रा ठाण मांडून. ते मोरीच्या तोंडाशी आले, त्यापुढे त्यांना पाऊल टाकता येईना. "मेजर, हट्ट करू नको. भायर ये."

"पावणो आसंय मां? पावण्याक सवडीन जाऊ द्या."

मग वयनी मानकऱ्यांकडे वळली. "ओ, माका एक सांगा. पावण्याक कोण घराभायर काढता? पावणो म्हणतास तर हात धुवान तेका वाढूक होया. आणि आपल्याबरोबर भायर काढतास तर तो गावचो. दोनातला एक काय ता ठरवा."

मानकऱ्यांनी डोके खाजवले. "पण जागा खंय? वेशीवर जागा घराप्रमाण."

"माझ्या घरात धरा. कोंबड्यो दोन, शेळी एक, कुत्रो एक आणि मेजर एक."

दोघे-तिघे चावट हसले. "हसतास काय मेल्यांनू," ती म्हणाली, "दीर तो माझो." कुत्र्यानंतर का होईना, माझा नंबर लागला होता.

मानकऱ्यांनी देवळाच्या दिशेला तोंड केले, हात जोडले आणि तिथेच रस्त्यात गाऱ्हाणे घातले. "बा देवा म्हाराजा, तुझ्या हुकमान तुझी लेकरा गुराढोरांसकट भायर पडली आसत म्हाराजा."

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"तेंच्यातला एक लेकरू मोरयेच्या पल्याड ऱ्हवला आसा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"डोक्यान जरा गरम आसा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." हा होकार सगळ्यांत मोठा होता.

"पण आमचा आसा. तेका पदरात घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मला रडू आले. साठी उलटलेल्या हवालदाराने, मेजराने, काय असेल त्याने, गावासमोर रडू नये, म्हणून मी ट्रंक तोंडासमोर धरली आणि तशीच मोरी ओलांडली. समोरचे दिसत नव्हते. कुत्रा पुढे होता, त्याच्या मागून गेलो.

पुढचे तीन दिवस मी राजा होतो. मोठमोठ्या घरांत वाढलेली माणसे, निवाऱ्यात राहायची अक्कल शून्य. मानकरी दाराशी झोपले आणि सकाळी वासराने त्यांचे तोंड चाटून त्यांना उठवले. दोघांच्या चपला कुत्र्यांनी पळवल्या. मी "सांगितलेलंय" एवढेच म्हणत फिरत होतो. संध्याकाळी भजन, बायकांच्या फुगड्या, आणि वयनीच्या झोपडीत आडोशाच्या अलीकडे माझी ट्रंक.

चौथ्या दिवशी सकाळी मानकरी देवळात जाऊन कौल लावून आले. तोंड उतरलेले. देवाने दिला नाही.

लोक हळहळले आणि परत चुली पेटवायला लागले. मी मात्र उसळलो. "म्हणजे काय? कधीपर्यंत? माका घराक जावचा आसा."

सगळे थांबून माझ्याकडे बघायला लागले. कुठल्याही निवाऱ्यात कितीही दिवस काढू शकणारा माणूस, आणि त्याला घाई. वयनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खंयच्या घराक रे मेजरा?"

मी हाताने दिशा दाखवली. माडांच्या वरून निवाऱ्याची टाकी दिसत होती.

दुपारी पुन्हा कौल लावला, आणि तेव्हा देवाने दिला. ढोल वाजला, गाव उठला, गुरे तर हाकायच्या आधीच धावली. दार उघडल्याचे आवाज घरोघरी ऐकू यायला लागले. मी निवाऱ्याचा जिना चढलो, कुलूप काढले. कुत्रा आधी आत शिरला. हॉलमध्ये कोंडलेला वास होता. मी सगळ्या खिडक्या उघडल्या, ट्रंक ठेवली आणि शेवटच्या खिडकीतून खाली वाकलो. वयनी तिच्या अंगणात शेळी बांधत होती.

"वयनी," मी हाक मारली, "पोचलंय गो."

"बरा झाला," ती म्हणाली. "आता खाली ये आणि ही शेळी धर."