बावीस फोन आणि एक जुनी तारीख

"मॅडम, नऊ फोन मेले."

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला पुष्पाताईंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसचं कुलूपही उघडलेलं नव्हतं. पर्स काखेत, चावी दातात. मी म्हटलं, "मेले म्हणजे? चालूच होत नाहीत?"

"चालू होतात. पण बर्फाचं पान उघडत न्हाय. सर्टिफिकेट एरर म्हणतो आणि बंद. बारा होड्या बंदराला लागल्यात आणि नऊ जणांचा नंबरच लागला न्हाय. आता परत कारखान्याच्या दारात धक्काबुक्की सुरू हाय."

मला राग आला. मंगळवारी उत्तनला जाऊन बावीसच्या बावीस फोन मी स्वतः तयार केले होते. प्रत्येकावरून नंबर लावून बघितला होता. माझं काम पक्कं असतं, हा माझा तेव्हाचा ठाम समज.

आधी हे बर्फाचं प्रकरण सांगते. पुष्पाताई उत्तनच्या एका मच्छीमार सोसायटीत क्लार्क होत्या. होड्या किनाऱ्याला आल्या की मासळीला लगेच बर्फ लागतो, आणि बोंबील तर दम धरतच नाही. बर्फाचा कारखाना एकच. ज्याचा माणूस दारात आधी उभा, त्याला लाद्या आधी. मोठ्या बोटवाल्यांकडे उभं राहायला माणसं असायची. छोट्या होडीवाल्यांकडे कुठून असणार? पुष्पाताईंच्या भावाची होडी अशीच छोटी. भाऊ समुद्रात, बाई सोसायटीच्या टेबलावर. दारात उभं कोण राहणार? त्यांनीच कमिटीपुढे डोकं लावलं: किनारा दिसायला लागला की मोबाईलला टॉवर मिळतो, मग तिथूनच नंबर लावता आला तर?

ते काम आमच्या कंपनीकडे आलं. कंपनी म्हणजे भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये दोन खोल्या, मालक जिग्नेशभाई आणि आम्ही चौघं. पहिल्यांदा आम्ही साध्या एसएमएसवर नंबर घ्यायला लागलो. महिनाभरात कोणीतरी दुसऱ्याच्या होडीच्या नावाने 'नंबर रद्द' असे मेसेज पाठवले. कोणी ते कधी कळलं नाही. सात होड्यांचा माल त्या दिवशी खराब झाला. म्हणून मग पासवर्ड आला, आणि पासवर्ड वाटेत कोणी चोरू नये म्हणून सुरक्षित कनेक्शन आलं. तिथून सर्टिफिकेट.

सर्टिफिकेट म्हणजे ओळखपत्र. दारात माणूस येतो, म्हणतो गॅस एजन्सीकडून आलोय. तुम्ही त्याचं कार्ड बघता. त्यावर एजन्सीचा शिक्का आहे का आणि कार्डाची मुदत चालू आहे का, एवढं बघून आत घेता. फोनही तेच करतो. समोरचा कॉम्प्युटर खरंच सोसायटीचा आहे का, हे तो कार्ड बघून ठरवतो. फोनला काही बड्या कंपन्यांचे शिक्के जन्मतःच माहीत असतात. आमचे फोन जुन्या मॉडेलचे, त्यांची यादी तोकडी. त्यामुळे शिक्का आम्हीच बनवला आणि प्रत्येक फोनला हाताने ओळखायला शिकवला. यालाच ट्रस्टेड सर्टिफिकेट टाकणं म्हणतात. ऐकायला मोठं आहे, पण करायला एका फोनला पाच मिनिटं लागतात.

जिग्नेशभाई आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे चहा मागवला आणि म्हणाले, "तो बेन, सिक्युरिटीच काढून टाक ने. साधं पान ठेव. आज चालेल, बस."

"आणि परत कोणी सात होड्यांचा नंबर रद्द केला तर?"

"वो बाद में देखेंगे."

"नाही बघणार. पुष्पाताईंनी कमिटीला शब्द दिलाय."

"कमिटीची मीटिंग कधी?"

"रविवारी दुपारी. चेअरमन पास्कूकाका पहिल्यापासून विरोधात आहेत. नाही चाललं तर फोन दुकानदाराला परत आणि कारखान्याच्या दारात पूर्वीसारखी लाईन."

"म्हणजे आपलं कामही परत." त्यांनी बशीत चहा ओतला. "रविवारपर्यंत कर. नहीं तो सिक्युरिटी निकालना पडेगा."

मी पश्चिमेला येऊन उत्तनची बस धरली. मोरवा गाव मागे पडेपर्यंत मनात कारणांची यादी तयार झाली होती. फाईल अर्धवट उतरली असेल, सिमची सेटिंग्ज बदलली असतील, किंवा कोणीतरी मेन्यूत जाऊन नको ते दाबलं असेल. खरं सांगायचं तर माझा संशय शेवटच्यावरच होता.

सोसायटीच्या हॉलमध्ये ते नऊ फोन टेबलावर ओळीने मांडून ठेवले होते. बाहेर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील सुकत होते. बर्फ न मिळालेला माल बायकांनी मिळेल त्या भावात काढून टाकला होता, उरलेला सुकवायला घातला होता. पुष्पाताईंच्या भावाचा माल त्यातच होता. त्यांनी मला बसायला खुर्ची पुढे केली, आणि तेच मला जास्त लागलं.

मी पहिला फोन घेतला. सर्टिफिकेट जागेवर होतं. काढून परत टाकलं. एरर. दुसरा, तोच प्रकार. सिम बदलून बघितलं, नेटवर्कच्या सेटिंग्ज पुन्हा भरल्या. दुपारचे दोन वाजले. मग न बिघडलेल्या तेरांपैकी एक फोन मागवला आणि दोन्ही शेजारी ठेवले. मॉडेल तेच, सॉफ्टवेअर तेच, सर्टिफिकेट तेच. एक चालतो, एक चालत नाही.

"हे तेरा फोन कुणाकडे असतात?" मी विचारलं.

पुष्पाताईंनी वही बघितली. "नऊ घरीच हायेत, त्यांच्या बोटी या वेळी निघाल्याच न्हाय. एक डॉमनिकदादांचा, त्यांची होडी उशिरा लागली. तीन मोठ्या बोटींचे. त्यांच्याकडे केबिन हाय, चार्जर हाय."

"आणि हे नऊ?"

"समुद्रात जाऊन आलेत. सगळे छोट्या होड्यांचे."

म्हणजे फोन समुद्रात जाऊन आला की बिघडतोय. खारी हवा सर्टिफिकेट खात असेल असं काही मला कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

तेवढ्यात डॉमनिकदादा आले. पन्नाशीचे, छोट्या होडीचे मालक. बिघडलेल्यांत त्यांचा फोन दहावा, तो अजून त्यांच्या खिशातच होता. "माझापन बघा," म्हणून त्यांनी बंडीतून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यात फोन. मग दुसऱ्या खिशातून कोरड्या फडक्याची पुरचुंडी काढली आणि तिच्यातून निघाली बॅटरी.

मी बघतच राहिले. दादांनी बॅटरी बसवली, फोन चालू केला. फोनने काहीतरी विचारलं. त्यांनी न वाचता ओके दाबलं. परत विचारलं, परत ओके.

"थांबा! काय विचारलं त्याने?"

"काय म्हाईत. बॅटरी घातली की रोज विचारतो. ओके मारायचं, गप होतो."

मी फोन जवळजवळ हिसकावलाच. आत जाऊन तारीख बघितली. फोनच्या मते तो दिवस होता तीन वर्षांपूर्वीचा एक जानेवारी.

सगळा उलगडा एका क्षणात झाला. आमच्या कार्डाची मुदत मंगळवारपासून सुरू होत होती. तीन वर्षं मागे जगणाऱ्या फोनला वाटत होतं, हा माणूस भविष्यातलं कार्ड दाखवतोय, हा नक्कीच लफंगा. त्याने दार लावून घेतलं. त्या फोनांना टॉवरकडून तारीख घेता येत नव्हती, आणि बॅटरी काढली की त्यांची आठवण तासाभराचीच. मंगळवारी तारखा दुकानदाराने लावून दिल्या होत्या, म्हणून मला काही दिसलं नाही. आणि शुक्रवारी सकाळपासून दुपारपर्यंत स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे एकदाही बघायचं मला सुचलं नव्हतं. हे माझं पक्कं काम.

पण कबूल कसं करायचं? मी उलट त्यांच्यावरच घसरले. "दादा, तारीख टाकणं एवढं अवघड आहे का? आज तारीख काय आहे?"

"आज द्वादशी," दादा म्हणाले. "सोमवारी पुनव. उधाण."

"तिथी नाही, तारीख."

"तारखेवर पाणी चढतं का, मॅडम?"

हॉलमधले सगळे हसले. मला हसू आलं नाही. म्हटलं, "मग निदान बॅटरी तरी काढू नका."

"न काढून कसं चालंल? बॅटरी आत असताना खारं पाणी लागलं की फोन जळतो. गेल्या साली माझे दोन गेले. आणि होडीवर चार्ज कुठं करू? लागंल तेवढाच चालू करायचा." हे त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. मी इंजिनियर असून मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांना ते न शिकता माहीत होतं.

तरी मी म्हटलं, "मग नियम करू. नंबर लावायच्या आधी प्रत्येकाने तारीख भरायची."

आता पुष्पाताई उठल्या. सकाळपासूनचं सगळं एकदम बाहेर आलं. "हलत्या होडीत, ओल्या बोटांनी, जाळं ओढता ओढता? मॅडम, तुमचं कार्ड आमच्यासाठी हाय, का आम्ही तुमच्या कार्डासाठी? रविवारी मी काय सांगू पास्कूकाकांना? माणसं चुकली म्हणून सांगू?"

मी पर्स उचलून निघाले. लाज वाटली, खरोखर वाटली. बसमध्ये बसल्यावर ती लाज हळूहळू उतरली आणि तिच्या जागी एक साधा विचार आला. माणसं बदलणार नाहीत, फोनही बदलणार नाही. मग कार्ड का बदलू नये? ते दुसऱ्या कोणाचं थोडंच आहे? शिक्का आमचा, सही आमची. 'कधीपासून' हा रकानाही आमच्याच हातातला. तो मागे नेला, फोनच्या त्या एक जानेवारीच्याही मागे, तर फोन आज जागा होवो नाहीतर तीन वर्षं मागे, त्याला कार्ड मुदतीतलंच दिसेल.

जिग्नेशभाईंना सांगितलं तर ते चपापले. "बॅकडेट? बेन, ये तो खोटा काम है ने?"

"कोणाला फसवलं तर खोटं. शिक्का खरा, कॉम्प्युटर खरा, पासवर्ड खरा. फक्त मुदत आधी सुरू करतोय. पण एक आहे. या फोनांना मुदत संपल्याचंही कधी कळणार नाही. ते लक्षात आपल्यालाच ठेवावं लागेल."

"लिहून ठेव," ते म्हणाले. परवानगी मिळाली.

शिक्क्यालाही मुदत असते, म्हणून शनिवारी शिक्का आणि कार्ड दोन्ही मागच्या तारखेने नव्याने बनवलं. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा सुरू व्हायच्या आधीच मी हॉलमध्ये हजर होते. बावीस फोनांत नवा शिक्का टाकला. मग माझ्या हाताने बावीसच्या बावीस बॅटऱ्या काढल्या आणि टेबलावर रांगेत मांडल्या. पुष्पाताई म्हणाल्या, "हे काय?" म्हटलं, "राहू द्या. दुपारपर्यंत सगळं विसरू दे त्यांना."

मीटिंगला पास्कूकाका बरोबर बाराला आले. दोन मोठ्या बोटींचे मालक, पांढऱ्या मिशा, आवाज खणखणीत. "काय गं पुष्पे, चालतं का तुझं खेळणं? का देऊ परत?"

पुष्पाताईंची मान ताठ होती. "तुम्हीच बघा, काका."

मी म्हटलं, "आपापली बॅटरी घाला. फोन काय विचारेल ते विचारू दे. रोज करता तेच करा."

बावीस माणसांनी बॅटऱ्या घातल्या. टिंगटिंग आवाज झाले. बावीस अंगठ्यांनी, एक अक्षरही न वाचता, ओके, ओके मारलं. मी डोळे मिटले होते, हे आज सांगायला हरकत नाही.

"एक आला," पुष्पाताई कॉम्प्युटरसमोरून म्हणाल्या. मग, "तीन. सात." मग त्या मोजायचंच विसरल्या. डॉमनिकदादा मागून वाकून मोजत होते. "ईस... एकईस... बावीस! सगळे हायेत!"

हॉलमध्ये एवढा गलका झाला की बाहेरच्या बायका आत डोकावल्या. पुष्पाताईंनी माझा हात धरला तो सोडेचनात. मला इतका आनंद झाला होता की मी पास्कूकाकांशीही हस्तांदोलन केलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हॉलात चाललं. उद्या उधाणाला बघू."

सोमवारी मी मुद्दाम गेले. होड्या लांबून ठिपक्यासारख्या दिसायला लागल्या आणि पुष्पाताईंच्या स्क्रीनवर नंबर उमटू लागले. कारखान्याच्या दारात गर्दी नव्हती, पुकारा होता. पहिला नंबर डॉमनिकदादांचा. चौथा पुष्पाताईंच्या भावाचा. त्याच्या लाद्या फुटल्या, बोंबलांवर बर्फ पडला, तेव्हा पुष्पाताई टेबल सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. पास्कूकाकांच्या बोटीचा नंबर नववा होता. ते आयुष्यात पहिल्यांदा आपल्या नंबरची वाट बघत कट्ट्यावर बसले होते.

मी निघताना त्यांनी हाक मारली. "मॅडम, त्या तुमच्या कार्डाची मुदत कधी संपते?"

"दहा वर्षांनी, काका. तारीख माझ्या डायरीत लिहिलीय."

"तारीख नको. तिथी सांगा."

"तेवढी मला येत नाही."

"मग शिका," ते म्हणाले आणि कट्ट्यावर माझ्यासाठी सरकून जागा केली.

तिथी मला अजूनही पंचांग उघडल्याशिवाय सांगता येत नाही. पण त्यानंतर कुठलंही काम हातात घेतलं की कॉम्प्युटर, नेटवर्क, पासवर्ड हे सगळं नंतर. पहिला प्रश्न एकच विचारते: वापरून झाल्यावर ही वस्तू तुम्ही ठेवता कशी?